समुद्र आज मजेत आहे

उल्का दिघे गेली सहा वर्षं रोज सकाळी आठ वाजता एका कॅरिबियन किनाऱ्यावर हजर असे. म्हणजे तिचा आवाज असे. बाकीची उल्का मँचेस्टरजवळ सॅल्फर्डमध्ये, कार्पेटच्या दुकानावरच्या खोलीत, पायाशी हीटर घेऊन आणि दोन स्वेटर घालून बसलेली असे. इकडे तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असत आणि बहुधा पाऊस असे.

‘पेलिकन कोव्ह’ नावाच्या रिसॉर्टचं रेडिओ स्टेशन त्या खोलीतून चाले. नारळाच्या झाडांना बांधलेल्या स्पीकरमधून उल्का ब्रिटिश पाहुण्यांना उठवी आणि “काय सुरेख ऊन पडलंय आपल्याकडे!” असं इंग्रजीत सांगे. ते बेट तिने कधी पाहिलं नव्हतं. तिचा आवाज ऊबदार आहे, असं तिचा प्रोड्यूसर गॅरेथ म्हणे. घरात त्याच आवाजाला कटकट म्हणत.

बेटावरून रोज मेल येई: वारा, लाटा, झेंड्याचा रंग. तो जसाच्या तसा मात्र वाचायचा नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला घाबरवायचं नाही, हा स्टेशनचा पहिला नियम. पिवळा झेंडा म्हणजे ‘समुद्र आज खेळकर’. लाल, म्हणजे पाण्यात उतरूच नका, तर ‘समुद्र आज मोठ्या मजेत’. शिट्ट्या मारायला लाइफगार्ड आहेत की, असं गॅरेथचं म्हणणं. उल्का लेकीला दिवसातून दहादा ‘पोचल्यावर मेसेज कर’ म्हणून बजावी आणि स्टुडिओत बसून समुद्राला मजेत ठेवी. दोन्ही बिनबोभाट चालू होतं.

फेब्रुवारीत तिची लेक आर्या मैत्रिणींबरोबर सुट्टीला गेली. त्याच रिसॉर्टला, आईच्या स्टाफ डिस्काउंटवर.

तिसऱ्या दिवशी मेल आला: लाल, पाण्याला आत जबरदस्त ओढ. उल्काने आर्याला पाच वेळा फोन लावला. पाचही वेळा बंद. तेवढ्यात माइक सुरू झाला.

“समुद्र आज मोठ्या मजेत आहे,” तिने इंग्रजीत वाचलं आणि मध्ये श्वासही न घेता मराठीत सुरू केलं, “आर्या, पाण्यात पाऊल टाकशील तर याद राख. लाल झेंडा आहे. टोपी घाल. आणि फोन चार्ज करत जा, कितीदा सांगितलंय!”

काचेपलीकडे गॅरेथच्या भुवया वर गेल्या. गेली नोकरी, उल्का मनात म्हणाली.

वीस मिनिटांनी आर्याचा फोन आला. “आई! सगळ्या बीचवर तुझा आवाज! माझी किती लाज गेली, माहितीये?”

“पाण्यात नाही ना गेलीस?”

“मी टोस्ट खात होते!”

“आणि टोपी?”

फोन कट.

नोकरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेथ बिस्किटांचा डबाच घेऊन आला. पाहुण्यांना ती बेटावरची जुनी भाषा वाटली होती. ‘किती आपुलकीची प्रार्थना!’ असं तिघांनी फॉर्मवर लिहून दिलं होतं. “उल्का, हे आता रोज करायचं,” तो म्हणाला. “फक्त अर्थ सांगू नकोस. मजा जाईल.”

त्या संध्याकाळी ट्राममध्ये उल्काच्या मनात आलं, काल बाकीच्यांच्या लेकी काही टोस्ट खात नसतील. सहा वर्षांत किती लाल मेल आपण मजेत वाचले, हे तिने आठवायला घेतलं आणि दोन स्टॉपनंतर सोडून दिलं.

रविवारी आर्या घरी आली. नाक सोललेलं, टोपी घातली नव्हती. सोमवारी मेल आला: लाल.

आज उल्काला घाबरण्याचं काही कारण नव्हतं. तिने समुद्र मजेत असल्याचं सांगितलं आणि मग मराठीत म्हणाली, “बाळांनो, आज पाण्यात जाऊ नका. लाल झेंडा आहे. आणि टोपी घाला.” गॅरेथने खूश होऊन अंगठा वर केला. तिच्या डोळ्यांपुढे मात्र माणसं आली: ही गोड प्रार्थना ऐकून, खांद्यावर टॉवेल टाकून, हसत हसत पाण्याकडे निघालेली.

माइक बंद करायला गेलेला हात तिने मागे घेतला.

“आता याचा अर्थ,” ती त्याच ऊबदार आवाजात इंग्रजीत म्हणाली आणि एकेक शब्द नीट सुटा करून सांगितला. टोपीसकट.

सांगून झालं तेव्हा गॅरेथचा अंगठा अजून वरच होता. बाकीचा गॅरेथ मात्र स्टुडिओच्या दाराकडे निघाला होता.