रागाला घर देणाऱ्या रुक्मिणीबाई

मद्रासच्या एग्मोर स्टेशनवर रुक्मिणीबाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "मार्कशीट आणलीस की नाहीं गे?"

सोलापूरहून दिवसभराचा प्रवास करून मी आणि ज्योती संध्याकाळी तिथं उतरलो होतो. दोघींच्या घरी चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, दोघींचे कपडे एकाच पिशवीत होते. स्टेशनवर कुणीतरी न्यायला येईल, एवढंच फोनवर ठरलं होतं. फलाटावर चहूकडं तमिळ, एक शब्द कळत नव्हता. अशात समोर एक ठेंगणी, साठीतली बाई आली. कडक इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला दोरी, हातात कापडी पिशवी. आणि ती मराठी बोलत होती. मला वाटलं, माझे मार्क विचारतायत. मी ताठ मानेनं सांगितलं, "बीएस्सी केमिस्ट्री, फर्स्ट क्लास."

"मार्क कोण पुसतें? दहावीचा कागद काढ. जन्मतारीख हवी मज."

दोघींचे कागद त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचले, बोटांवर वर्षं मोजली आणि म्हणाल्या, "बरें. आतां तुम्हांस कोणी पोर म्हणूं शकत नाहीं. आधीं पोलीस ठाणें, मग जेवण."

त्याचं कारण मला नंतर उमगलं. दोन मुली घर सोडून एकत्र राहायला निघाल्या की मागून घरचे तक्रार देतात : मुलगी हरवली, अजाण आहे, फूस लावून नेली. सज्ञान मुलीनं स्वतः ठाण्यात जाऊन 'मी माझ्या मर्जीनं आले' असं लिहून दिलं तर त्या तक्रारीतली हवा जाते. पण सज्ञान आहे हे दाखवायला कागद लागतो. माझी आई विड्या वळायची, वडील टॉवेलच्या मागावर. आमच्या घरात दहावीच्या कागदावर छापून आलेलं पहिलं नाव माझं. तो कागद मी अभिमानापोटी बरोबर घेतला होता. तो असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

ठाण्यात लिहून घेणाऱ्या हवालदाराला तिकडं रायटर म्हणतात. त्या दिवशीच्या रायटरनं आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि हसून काहीतरी विचारलं. बाईंनी न हसता उत्तर दिलं. टेबलाभोवतीचे सगळे हसले, तो मात्र खाली मान घालून लिहू लागला. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाला?

"म्हणे, ह्यांत नवरा कोण? मी म्हटलें, तुमच्या घरीं कोण, तें मी पुसलें का?"

रुक्मिणीबाई राव तंजावरच्या मराठी. मैलापुरात देवळाच्या तळ्यामागं दोन खोल्यांत एकट्या राहत. सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणत. त्यांची मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी, वर तमिळचा हेल. माझ्या मराठीला त्या नावं ठेवायच्या. "बहु घाईची गे तुझी भाषा. भाजीवाल्याशीं बोलतेस तशीच देवाशींही बोलत असशील." मी म्हणायची, बाई, मी महाराष्ट्रातून आलेय, खरी मराठी माझी. त्यावर त्या म्हणायच्या, "आम्ही राजांबरोबर आलों, तूं रेल्वेनें आलीस. भाडें तेवढें वेगळें."

एका शाळेच्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली. दाखले लिहायचे, जन्मतारखा तपासायच्या. त्या कचेरीतच वसंता नावाची टायपिस्ट होती. तिच्याबद्दल बाई माझ्याशी एकदाच बोलल्या. मी विचारलं होतं, पुढं काय झालं? "पुढें काय? कोइमतुराचा मुलगा सांगून आला. लग्नांत पंक्तीला पापड मी वाढले," असं म्हणून त्या पाणी आणायला उठल्या.

वसंता गेल्यावर काही वर्षांनी त्यांना कुठल्याशा मासिकात एक पोस्ट बॉक्स नंबर दिसला. आपल्यासारख्यांनी पत्र लिहावं, असं त्यात होतं. बाईंनी लिहिलं. उत्तर आलं. त्यांचं अक्षर आणि कचेरीची सफाई बघून तिथल्या चार मुलांनी त्यांनाच उत्तरं लिहायला बसवलं. सेलमहून, तिरुनेलवेलीहून पत्रं यायची, बहुतेक बिननावाची. 'मी एकटाच असा आहे का?' एवढं एकच वाक्य असलेलंसुद्धा. बाई आंतर्देशीय पत्रावर उत्तर लिहायच्या. वरच्या बाजूला तारीख, खाली 'आपली विश्वासू'. पुढं पत्रांच्या जागी फोन आला आणि फोनमागून स्टेशनवर उतरणाऱ्या मुली.

चळवळ हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. "आपलें काम" म्हणायच्या. पहिल्या मोर्चांत तोंडाला कागदी मुखवटा लावून चालल्या. निवृत्त झाल्या त्या वर्षी मुखवटा घरी ठेवला. "पेन्शन लागली. आतां मज कोण काढतो?" जूनच्या उन्हात छत्री धरून, सगळ्यांच्या मागं, दमलेल्यांना पाणी देत जायच्या. दिल्लीच्या कोर्टानं तीनशे सत्याहत्तर कलमाचा फास पहिल्यांदा सैल केला तेव्हा त्यांनी खीर केली होती म्हणे. मग वरच्या कोर्टानं तो पुन्हा आवळला. मी मद्रासला आल्यावर दोन वर्षांनी तो कायमचा सुटला. मी पेढे घेऊन धावत गेले, तर म्हणाल्या, "ठेव. कायदा बदलला, रायटर तोच आहे." आणि थोड्या वेळानं माझी पाठ वळल्यावर दोन पेढे खाल्ले. मी पाहिलं.

आता कलाचं सांगायला हवं. ते मी सहा वर्षं टाळलंय.

तोवर मी गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात प्रयोगशाळेत पक्की झाले होते. तमिळ येऊ लागलं होतं. रविवारी बाईंच्या घरी येणारे फोन घेत होते. शिकलेली, फॉर्म भरता येणारी, ठाण्यात न घाबरणारी म्हणून सगळे माझा सल्ला घ्यायचे. मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

एका सकाळी पट्टुकोट्टैकडून मलर आणि कला आल्या. मलर वीस वर्षांची, सूतगिरणीत कामाला. कला एकोणीसची, पण दिसायला पंधराची. मलर तापानं फणफणलेली होती, आतल्या खोलीत पडल्या पडल्या झोपली. मलरचे सगळे कागद होते. कलाकडं एकही नव्हता. मार्कशीट घरी ट्रंकेत, आधार कार्ड वडिलांकडं.

महिन्याभरापूर्वीच दुसऱ्या एका मुलीला, ती सज्ञान असूनही, कागद नाही म्हणून ठाण्यातून बापाच्या हवाली केलं होतं. आम्ही नुसत्या बघत राहिलो होतो.

बाई म्हणाल्या, "राहूं दे तिला. तिच्या शाळेस मी पत्र लिहितें, दाखल्याची नक्कल मागवितें. आठ दिवस लागतील."

मी म्हटलं, "आठ दिवसांत तिचा बाप पोलीस घेऊन येईल. मग काय दाखवणार? तुमचं अक्षर?" असंच म्हटलं मी. मग कलाला विचारलं, घरी काय सांगून आलीस? मिलच्या हॉस्टेलवर जाते म्हणून, ती म्हणाली. म्हणजे अजून कुणाला संशय नाही. मी हिशेब मांडून दाखवला : आज दुपारी निघायचं, कपडे राहिले म्हणून घरी जायचं, कागद काढायचा, उद्या संध्याकाळी परत. सगळं बरोबर बसत होतं. माझ्याच डोक्यातून निघालेलं होतं.

बाई कलाकडं बघत राहिल्या. "मज बरें वाटत नाहीं गे," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, कागदाशिवाय काही होत नाही. तुम्हीच शिकवलंत." त्यावर त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मलरला उठवू का, मी विचारलं. कला म्हणाली, नको, ताप आहे. दारातून तिनं आत झोपलेल्या मलरकडं पाहिलं आणि त्यांच्याकडं म्हणतात तसं हळूच म्हणाली, "जाऊन येते." तिकीट मी काढून दिलं.

तिसऱ्या प्रहरी मलर उठली. कला कुठाय? कुणी पाठवलं तिला? तिचा आवाज चढला. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी धाडलें."

दुसऱ्या दिवशी कला आली नाही. तिसऱ्या दिवशी फोन बंद. मग कळलं की घरात मलरची पत्रं सापडली, कलाला कोंडलंय, तिकडच्या रिवाजानं मामाशी लग्न ठरलंय. बाईंनी वकील गाठला, मुलीला कोर्टापुढं हजर करा असा अर्ज तयार केला. अर्जाची सुनावणी लागायच्या आधी फोन आला. कला गेली. घरच्यांनी दुपारच्या आत दहनही उरकून टाकलं होतं.

मलर रडली नाही. बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही पाठवलंत." बाई म्हणाल्या, "होय."

मी तिथंच होते. मधे दोन हातांचं अंतर होतं.

मलरला जायला जागा नव्हती. ती बाईंच्याच घरी राहिली. बाईंनी तिला बारावीला बसवलं. मी तिला आमच्या कारखान्यात पॅकिंगला लावून दिलं. मला ती अक्का म्हणायची, कामावरून येताना माझ्यासाठी जागा धरायची. बाईंना ती कोणत्याच नावानं हाक मारत नसे. तमिळ घरात अनोळखी म्हातारीलाही पाटी म्हणजे आजी, नाहीतर अम्मा, काहीतरी म्हणतातच. मलर काहीच म्हणायची नाही. नुसतं "दिवा घालवू?" "दार लावते."

एकदा मला ते सोसेना. मलर अंघोळीला गेली होती. मी बाईंना म्हटलं, आज मी तिला सांगते.

बाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांगशील. मग ती कोठें निजेल? आज मजवर राग आहे, तरी माझ्या छपराखालीं निजते. तुजवर आला तर तूं लावलेली नोकरीही टाकील. मग दोन्ही गेलें. रागाला एक घर लागतें गे. माझें आहे. असूं दे."

"पण बाई, चूक माझी होती."

"तूं पंचवीस वर्षांची होतीस. मी किती वर्षांची होतें?" मग तांदळातला खडा उचलून म्हणाल्या, "आणि उद्यां तुजकडे पोरी येतील. त्यांस तुझ्या शब्दावर उभें राहायचें आहे."

मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. बाईंनी परवानगी दिली म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. खरं तर गप्प मी आधीच होते.

कलानंतर बाईंनी स्टेशनवर कुणाला कागद विचारला नाही. मुलगी आली की घरी न्यायची, शाळेला स्वतः पत्र लिहायचं आणि ठाण्यात जाऊन बसायचं. कधी चार चार तास. रायटर वैतागून म्हणे, अम्मा, घरी जा. त्या म्हणत, "मज घरीं काम नाहीं." लग्नाचा निकाल आला, कोर्टानं आपल्यासारख्यांना लग्नाचा हक्क दिला नाही, तेव्हा आम्ही सगळ्या त्यांच्या खोलीत बसून ऐकत होतो. ज्योती रडत होती. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नजर मात्र मलरकडं लावून धरली. मलर खिडकीबाहेर बघत होती.

गेल्या मार्गळीत, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमाराला, बाईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सात आठवडे मलरनं त्यांचं सगळं केलं. अंग पुसणं, कूस वळवणं, चमच्यानं भरवणं. रजा संपली तर बिनपगारी घेतली. हात इतके हळुवार की नर्सनं शिकावं. तोंड मात्र मिटलेलं. बाई डावा हात उचलून तिच्या मनगटावर ठेवायच्या. ती काम संपेपर्यंत तो तसाच राहू द्यायची, मग अलगद खाली ठेवायची.

बाई एका पहाटे गेल्या. तंजावरहून भाचा आला, त्यानं अग्नी दिला. गल्लीत बायकांची एवढी गर्दी कशी, म्हणून तो सारखा विचारत होता. कोणकोणत्या गावांहून आल्या होत्या त्या. ह्या त्यांच्या विद्यार्थिनी, असं मी त्याला सांगितलं.

तेराव्यानंतर खोली रिकामी करायला मी आणि मलर दोघीच होतो. ती बाईंच्या साड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सांगितलं. हॉस्टेलची सबब, कपड्यांचा बहाणा, तिकीट, सगळं. बाईंचं मत उलट होतं, हेही सांगितलं.

मलरनं घडी पुरी केली. दुसरी साडी घेतली. ओरडेल, मारेल, काहीतरी करेल म्हणून मी वाट बघत होते.

"सहा वर्षं," ती साडीकडं बघतच म्हणाली, "रोज दोन वेळा मी त्यांचं ताट वाढलं. एकदाही 'जेवा' म्हटलं नाही."

मग तिनं ती साडी तोंडाला लावली आणि कला गेली तेव्हा जे आलं नव्हतं, ते रडणं बाहेर आलं. मी हात पुढं केला. तो तिनं बाजूला केला.

त्या सहा वर्षांतल्या बहुतेक रविवारी बाईंच्या शेजारी जेवायला मी असायचे. मलर वाढायला यायची, बाईंच्या ताटात भात घालून पुढं सरकायची, आणि मला म्हणायची, "अक्का, थोडं आणखी घ्या ना." मी घ्यायची.