मंगळवारी ताई धुळ्यात होती

पहिलेच सांगून ठेवते. भूत, भानामती, अंगात येणं, लिंबू-मिरची... मी काही मानत नाही. आजही नाही. आमच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा उचलून बाहेर ठेवला, अन् त्यानंतर आमच्या घरात भगत शिरला नाही. माझी लेकरं गोवरानं फणफणली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, उतारा टाक. मी नाही टाकला. दवाखान्यात नेलं. म्हणून हे जे सांगते ते भोळी बाई म्हणून सांगत नाही. तसं समजून वाचायचं असेल तर वाचू नका.

मी बोलते अन् नात मोबाईलवर लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली अर्धी कापूस वेचण्यात गेली. नात म्हणते, आजी, अहिराणी सगळ्यांना कळणार नाही, दवाखान्यातली मराठी बोल. म्हणून तशी बोलते. मधीच तोंडात गावचं आलं तर चालवून घ्या.

एरंडोल तालुक्यातलं आमचं गाव. मालक लवकर गेले. जळगावला आले, डाळ मिलमध्ये चाळणीवर उभी राहिले. डाळीची धूळ छातीत बसली, खोकल्यानं रात्र रात्र बसून काढली. मग ओळखीनं लहान मुलांच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात आया म्हणून लागले. यात रडण्यासारखं काही नाही. लोक याच्याहून वाईट जगतात.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. दवाखान्यात कॉम्प्युटर आला. लेकरांच्या वॉर्डात पंखे बंद पडायचे, पण त्या मशीनच्या खोलीला एसी! चपला बाहेर काढायच्या, दार लगेच लावायचं. मशीनवर वैशाली बसायची. धुळ्याची पोरगी, कोर्स करून आलेली, तोंडानं तिखट.

"अक्का, पाय पुसले का? मशीनला दमा होईल."

"मशीनला दमा, अन् मी काय लोखंडाची?"

असं आमचं चालायचं.

आता माझं काम काय, ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्या लेकरांचे हातपाय वाकडे, जी उशिरा बोलतात, त्यांना शिकवणाऱ्या मॅडम होत्या. थेरपिस्ट म्हणायचे. वरून हुकूम आला — प्रत्येक लेकराचं काय केलं ते त्याच दिवशी कॉम्प्युटरात गेलं पाहिजे. मॅडमचे हात तेलात, मांडीवर एक लेकरू, बाहेर रांग. त्या जाणार कशा? वैशालीला मशीन सोडून उठायची परवानगी नाही. म्हणून मधी मी. मॅडम बोलणार, मी ऐकणार, अंगण ओलांडून जाणार, वैशालीला सांगणार, ती खटखट टाइप करणार. लोक मला 'कॉम्प्युटरची आया' म्हणून चिडवायचे. चिडवू द्या. त्या मशीनमध्ये जे जायचं ते माझ्या तोंडून जायचं.

अन् एक नियम होता. तीनदा गैरहजर राहिलं की लेकराचा नंबर कापायचा, रांगेतलं पुढचं घ्यायचं. मशीनमध्ये इलाज दिसला तर लेकरू हजर. नाही दिसला तर गैरहजर. का नाही झाला, हे टाकायची जागाच त्यात नव्हती.

रूपाली म्हणून पाचेक वर्षांची पोरगी यायची, आमच्याच बाजूच्या गावची. जन्मली तेव्हा रडली नव्हती. पाय कात्रीसारखे एकात एक अडकलेले. बोलणं अर्धं-मुर्धं. तिची माय शोभा तिला कमरेवर घेऊन एसटीनं यायची, दर मंगळवारी. दोन खाडे आधीच झाले होते — एकदा एसटी बंद होती, एकदा शोभा स्वतः तापानं पडली होती. अजून एक चुकला असता तर फुकटचा इलाज गेला असता. पैसे देऊन करायची त्यांची ऐपत नव्हती. म्हणजे पाय गेले.

त्या मंगळवारी दुपारी शोभा पोरीला घेऊन आली. मी दोघींना सतरंजीवर बसवलं. रूपालीला शिकवणारी मॅडम, नीलिमा ताई, अजून आली नव्हती. थोड्या वेळानं मागच्या दारानं आली. अॅप्रन नाही, साडी चुरगळलेली. मला वाटलं, एसटीत उभ्यानं आली असेल. एरवी आल्या आल्या "चला राणीसाहेब!" म्हणणारी बाई, त्या दिवशी काही बोलली नाही. कोपऱ्यातली गादी ओढली, तिची घट्ट वळकटी केली, अन् रूपालीला दोन्हीकडे पाय टाकून वर बसवलं, घोड्यावर बसवतात तसं. मागून कंबर धरून हळूहळू डोलवायला लागली.

असं तिनं आधी कधीच केलेलं नव्हतं. एरवी पाय ताणायची अन् पोरगी जीव जाईस्तोवर ओरडायची. त्या दिवशी पोरगी ओरडली नाही. पाय सुटायला लागले. आधी गुडघे, मग मांड्या. मी टॉवेल दिला तेव्हा ताईचा हात माझ्या हाताला लागला. भुताचे हात गार असतात म्हणतात ना? हा गरम होता. कामानं होतो तसा.

मग म्हणाली, "अक्का, वैशालीला सांगा. वळकटीवर बसवलं. पाय मोकळे झाले. रडली नाही."

मी गेले, सांगितलं, वैशालीनं टाइप केलं. परत आले तर ताई नाही.

"ताई कोठे गयी?" मी शोभाला विचारलं.

"आत्तेच गयी ना, मांगना दारथीन."

मागच्या दारानं गेली म्हणे. आम्हाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मोठ्या ऑफिसात एक कारकून होते, त्यांना बठ्ठे, म्हणजे सगळेच, भाऊसाहेब म्हणायचे. आठवड्यानं त्यांनी मला बोलावलं.

"मंगळवारी नीलिमा मॅडमची रजा. सकाळीच धुळ्याहून फोन आला होता, वडील सीरियस. अन् मशीनमध्ये मंगळवारी मॅडमनं इलाज केला. ही जादू कोणाची?"

"जादू नाही. ताई आल्या, काम केलं, गेल्या."

"बाप वारला त्यांचा त्या दिवशी. धुळ्यात!"

मला ते माहीत नव्हतं. खोटं कशाला सांगू. पण पाहिलं ते पाहिलं होतं.

मी म्हटलं, "सकाळी फोन आला तर आमच्या खात्यात कोणी सांगितलं का नाही? माय-लेकीला परत तरी पाठवलं असतं."

त्यावर भाऊसाहेब फायली लावायला लागले.

ताई वडिलांचे दिवस करून परत येईपर्यंत रूपालीचा नंबर अडकवून ठेवला. वॉचमन नाना नारळ घेऊन आले — "अक्का, खोलीत वाढवू. शांती होईल." मी म्हटलं, "नाना, खोबरं खायचं असेल तर घरी जाऊन खा. खोलीत लेकरं लोळतात, करवंटी लागेल." ज्यांना मी खोटारडी वाटत होते ते एका बाजूला, अन् ज्यांना माझ्या पायाला हात लावायचा होता ते दुसऱ्या बाजूला. दोघांनाही मी जवळ येऊ दिलं नाही.

ताई आली त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. शोभालाही, पोरीसकट. दाराशी वैशालीनं माझा पदर धरला.

"अक्का, म्हणून टाका ना, चुकले. एका शब्दानं काय जातं?"

"तुझं काही जात नाही. तू बटण दाबशील, पुसलं जाईल. मला माझं तोंड घेऊन घरी जायचंय."

डॉक्टर तसे भले माणूस. आवाज न चढवता बोलले, "अक्का, पोरीचा नंबर जाऊ नये म्हणून तुम्ही सांगितलं, हो ना? मी रागावणार नाही. का तुम्हीच तिचे पाय ओढले? हाड मोडलं असतं तर?"

"साहेब, मी लेकरांचं हगणं-मुतणं काढते. पाय ओढत नाही."

"मग असं म्हणा, चुकून दुसऱ्या पोरीचं हिच्या नावावर सांगितलं. एन्ट्री काढून टाकू. तुमची नोकरी राहील."

"अन् हिचा नंबर?"

भाऊसाहेब बोलले, "तिसरी गैरहजेरी होते. नियम आहे. रांगेत पुढचं लेकरू थांबलंय."

रांगेतलं लेकरूही कोणाचं तरी होतं, ते मला कळत होतं. पण म्हणून हिला ढकलायचं?

"पोरगी आली होती," मी म्हटलं. "मायच्या कमरेवर बसून, एसटीनं. तुमच्याच म्हणण्यानं गैरहजर होती ती ताई. मग पोरीला का काढता?"

"मशीनमध्ये तसं टाकता येत नाही."

"तर मशीनला शिकवा! माझ्या तोंडून खोटं काढायला का बसले सगळे?"

डॉक्टर शोभाकडे वळले. ती घाबरलेली, तरी मीही पाहिलं म्हणून बोलली. "मी बी देखं ताईले. मी काय आंधयी शे?"

"दोघी एकाच तालुक्याच्या," भाऊसाहेब म्हणाले. "एक बोलली की दुसरी मान हलवणारच."

मग ताईला विचारलं. कपाळ मोकळं, डोळे सुजलेले. म्हणाली, "मी धुळ्यात होते सर. भाऊ, वहिनी, नर्स, सगळ्यांनी पाहिलंय. मी इथं नव्हते."

मला राग नाही आला. तिनं माझ्यासाठी खोटं बोलावं असं मला वाटतच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, पोरगी तरी तपासा एकदा." सगळे थेरपीच्या खोलीत गेलो. ताईनं गादी अंथरली. रूपाली गादीवर झोपेचना. वाकड्या हातानं गादीचं टोक धरून गुंडाळायला बघायची, तोंडानं "न्... न्..." करायची.

शोभा म्हणाली, "घर बी असंच करस. गोधडी गुंडाळी दे म्हणस."

ताईनं वळकटी केली. पोरीनं स्वतःच एक पाय वर टाकायचा प्रयत्न केला. ताईनं तिला उचलून बसवलं, मागून कंबर धरली, डोलवलं. पाय सुटले. मला अन् शोभाला त्यात नवीन काही नव्हतं. पण ताईचे हात मधीच थांबले.

"हे मी हिला शिकवलेलं नाही," ती म्हणाली. मग पोरीच्या पायाकडे बघत बसली. "पण सर... हे काम माझ्या हाताचं आहे."

"म्हणजे काय मॅडम?"

"मला माहीत नाही. एन्ट्री राहू द्या. खाली नाव माझंच राहू द्या."

भाऊसाहेब म्हणायला लागले, "पण सर, रजा तर—"

"राहू द्या हो!" डॉक्टर म्हणाले, अन् निघून गेले.

पोरीचा नंबर राहिला. माझं मात्र मधलं काम काढलं. त्या दिवसापासून थेरपिस्टनं स्वतः लिहून सही करायची असं ठरलं, अन् मला धुण्याच्या खोलीत टाकलं. चादरी धुतल्या, हाताला साबणानं भेगा पडल्या, पण मी चुकले असं कुठं लिहून दिलं नाही. रूपाली पुढं काठी घेऊन चालायला लागली. तिच्या लग्नाला मी गेले होते. हळद लागलेली पोरगी स्वतःच्या पायानं मंडपात आली.

नात म्हणते, खाली लोक लिहितील की हा मनाचा खेळ होता. असेल. माझ्या अन् शोभाच्या मनानं एकच खेळ खेळला, चला मानलं. पण पोरीच्या मांड्यांनी कोणता खेळ खेळला, तेही लिहा.

आता एक राहिलं. हे मी ताई होती तोवर कोणाला सांगितलं नाही. मागच्या वर्षी ती गेली, म्हणून सांगते.

केबिनमध्ये बोलावलं होतं त्याच दिवशी संध्याकाळी मी नळावर चादरी पिळू राहिले होते. ताई येऊन शेजारी उभी राहिली. मग म्हणाली, "अक्का, तिथं बाबांच्या खाटेखाली वहिनीचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं. दुपारी माझी नजर त्यावर गेली. मला रूपाली आठवली. वाटलं, हिला असं बसवून बघितलं तर? एवढंच आठवतं."

मी पिळणं थांबवलं.

"भाऊ माझ्याशी बोलत नाही आता. तो म्हणतो, बाबांनी तुला हाक मारली. पुन्हा पुन्हा मारली. तू उशाशीच बसलेली, डोळे उघडे, पण ओ दिली नाहीस. त्यानं माझा खांदा धरून हलवला तेव्हा मी दचकले. तोवर बाबा गेले होते."

नळ वाहू राहिला होता. तिनंच तो बंद केला.

"अक्का, खरं सांगा. मी इथं किती वेळ होते?"

नात आज म्हणते, आजी, तेव्हा तरी थोडं कमी करून सांगायचं असतं. पण अख्ख्या दवाखान्यासमोर मी ज्या तोंडानं खरं बोलले होते, तेच तोंड होतं माझ्याजवळ. दुसरं कुठून आणणार?

"पूर्ण वेळ होतात ताई," मी म्हटलं. "जराही घाई केली नाही."

तिनं मान हलवली अन् आत गेली. आत पुढचं लेकरू थांबलेलं होतं.

हे काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. तुम्हाला कळलं असेल तर सांगा, मी ऐकेन. फक्त मी पाहिलंच नाही असं म्हणायला लावू नका. ते मोठ्या डॉक्टरलाही जमलं नव्हतं.