बापूसाहेबांचा हिरवा हौद

आलोकने नांदेडजवळ विष्णुपुरीच्या रस्त्यावर बंगला बांधला आणि मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव केला, तेव्हा त्याच्या वडिलांना एकच प्रश्न पडला. एवढ्या पाण्यात नुसतं पोहायचं? दुसरं काहीच करायचं नाही?

बापूसाहेब लातूरचे. तिथल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. गावात नळ यायचा तो आठवड्याने, कधी पंधरवड्याने, आणि आला की गल्लीत लग्नघरासारखी धावपळ उडायची. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजी धुतलेलं फरशीला, अंघोळीचं संडासाला. थेंब असा वाया जायचाच नाही. अशा माणसाच्या लेकाने हौसेखातर हौद बांधावा! ते तलावाला हौदच म्हणत.

"अख्ख्या गल्लीचा उन्हाळा निघला असता ह्याच्यात," ते बायकोला म्हणाले.

"सुनेची हौस हाय, फिटू द्या तिची," कुसुमताई म्हणाल्या. सून श्रद्धा इस्लापूरची. तिचं लहानपण सहस्रकुंडाचा धबधबा बघण्यात गेलेलं. पाणी मोजून वापरतात, हे तिला लग्नानंतर कळलं.

निवृत्तीनंतर नवरा-बायको लेकाकडे राहायला आले. सुख चांगलं होतं, पण फार होतं. स्वयंपाकाला बाई, गाडीला ड्रायव्हर, झाडांना माळी. बापूसाहेबांनी चहाचा कप विसळायला घेतला तरी "बाबा, राहू द्या ना" म्हणून कुणीतरी तो प्रेमाने काढून घ्यायचं. त्या प्रेमाने त्यांचा जीव गुदमरायचा. आपण ह्या घरात पाहुणे आहोत, असं त्यांना रोज सकाळी उठल्याबरोबर वाटायचं.

म्हणून मे महिन्यात आलोक, श्रद्धा आणि नात मुग्धा हिमाचलला निघाले आणि तलावासाठी माणूस ठेवायची गोष्ट निघाली, तेव्हा बापूसाहेब खवळले.

"मी जित्ता हाय ना? परका माणूस कशाला?"

आलोक कबूल झाला, आणि जरा लवकरच कबूल झाला. मोटार रोज चालवायची, संध्याकाळी क्लोरीनची पावडर टाकायची आणि आठवड्याला एकदा फिल्टरचा दांडा फिरवून, पाणी उलटं सोडून त्यातली घाण नालीत काढायची. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी मुग्धाच्या मैत्रिणी पोहायला येणार होत्या, एवढं लक्षात ठेवायचं. बापूसाहेबांनी छाती फुगवून मान डोलावली. घरात एक तरी काम त्यांचं झालं होतं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी दांडा फिरवला. भिंतीपलीकडच्या नालीत पाण्याचा लोट सुटला. क्षणभर मळकट, आणि मग चक्क घागरीत भरून घ्यावं असं पाणी. बापूसाहेबांच्या काळजाचं पाणी झालं. त्यांनी दांडा झटक्यात मागे घेतला, आणि फिल्टर धुण्याच्या बाबतीत कानाला खडा लावला. फिल्टर घाणीने तुंबला. पुढे मोटारही कण्हू लागली, तेव्हा उन्हाने दमली असेल म्हणून तिला त्यांनी विसावा दिला.

पाण्याला हिरवट झाक आली. बापूसाहेब चित्रकलेचे मास्तर, त्यांनी लगेच सांगितलं की कडुलिंबाचं प्रतिबिंब आहे. पाणी पोपटी झालं, तेव्हा ते आभाळ ढगाळ असल्याचं म्हणाले. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. मग शेवाळी झालं, मग मेंदीसारखं, आणि एके दिवशी पायऱ्या दिसेनाशा झाल्या. एक बेडूक येऊन काठावर ऐसपैस बसला. ह्या घरात इतकं निवांत बसणं बापूसाहेबांना अजून जमलं नव्हतं.

"आता कशाचं प्रतिबिंब हाय हे?" कुसुमताईंनी बेडकाकडे बोट दाखवून विचारलं.

बापूसाहेबांनी बोटांवर दिवस मोजले. मंडळी रविवारी येणार होती. हौद असाच दिसला तर पुढच्या वेळी माणूस येणार, आणि आपण पुन्हा वर्तमानपत्र घेऊन ओसरीत बसणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. तेवढंच काय ते स्वच्छ दिसत होतं.

लातूरला टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवायचे. त्यांनी तुरटीचे खडे फडक्यात बांधले, फडकं बांबूला बांधलं आणि हौदाभोवती फेऱ्या घातल्या. थोडा गाळ खाली बसला. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि हिरवं दुप्पट जोमाने वर आलं. शेजारच्या वीरण्णांनी भिंतीवरून डोकावून सोपा उपाय सांगितला. "सगळं सोडून द्या नालीत, नवं भरा."

बापूसाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की वीरण्णा भिंतीआड झाले ते दोन दिवस दिसले नाहीत.

शेवटी ऑटो करून ते नांदेडात सिद्रामप्पांच्या दुकानी गेले. आलोक तिथूनच पावडर आणायचा. सिद्रामप्पांनी सगळं ऐकून एकच विचारलं.

"मास्तर, फिल्टर कवा धुतला?"

बापूसाहेब दुकानातल्या डब्यांवरचे रंग बघू लागले.

"मग हिरवं न होऊन काय होईल? पाणी फिरलंच न्हाई. घाण काढायची तर थोडं पाणी जाऊ द्यावंच लागतंय."

त्या संध्याकाळपासून म्हातारा-म्हातारी कामाला लागली. बापूसाहेबांनी लांब दांड्याच्या ब्रशने भिंती घासल्या, ऊन उतरल्यावर दाबून पावडर टाकली आणि मोटार थांबू दिली नाही. सकाळी फिल्टर धुवायची पाळी आली. ते दांडा फिरवायचे आणि लगेच बंद करायचे.

"सोडा तो," कुसुमताई म्हणाल्या.

"थोडं बादलीत धरू का?"

"धरा. आन् नातीला त्या बादलीतच पोहू द्या."

कुसुमताईंनी दांडा हातात घेतला आणि घट्ट धरून ठेवला. पाणी जात राहिलं. त्यांचा चेहराही काही फार बरा नव्हता.

रोज हेच चाललं. हिरवं पाणी राखाडी झालं, मग दुधाळ. तळाशी बसलेला गाळ नळीने ओढून नालीत सोडला, बोअरचं पाणी वर घातलं, आणि शनिवारी तळाच्या निळ्या फरश्या दिसू लागल्या. बेडूक रागावून माळ्याच्या कुंडीत गेला.

रविवारी आलोक सामान खाली ठेवायच्या आधी मागे गेला. बराच वेळ बघत राहिला. "बाबा, कमाल केलीत. माणूस ठेवला असता तरी इतका स्वच्छ झाला नसता."

बापूसाहेबांना हेच ऐकायचं होतं. पण ऐकलं आणि पचेना. ते जन्मात खोटं कौतुक घेणारे नव्हते.

"हिरवा झाला होता," ते म्हणाले. "लई हिरवा. मी फिल्टर धुतलाच न्हाई. चांगलं पाणी नालीत सोडायला हात धजंना. तू माणूस ठेव. मला न्हाई जमायचं."

एवढं बोलणं त्यांना फार जड गेलं. त्यांनी मान खाली घातली.

आलोक हळूच त्यांच्याजवळ आला. श्रद्धा आसपास नाही हे त्याने आधी बघून घेतलं.

"मला तरी कुठं जमतंय बाबा? दांडा फिरवला की वाटतं, आत्ता आईची हाक येणार, पाणी वाया घालवू नको म्हणून. माणूस त्याच्यासाठीच ठेवणार होतो. तुम्ही म्हणालात मी करतो, मला वाटलं, सुटलो एकदाचा."

बापूसाहेबांनी वर पाहिलं. दोन गाड्यांचा मालक, हाडांचा मोठा डॉक्टर, कानकोंडा होऊन उभा होता. आपण पाहुण्यासारखे राहत होतो ते घर त्यांना पहिल्यांदाच ओळखीचं वाटलं. इथे तर आपलंच माणूस राहतं.

"माणूस नको," ते म्हणाले. "दोघं मिळून धुऊ."

दुसऱ्या दिवशी पोरींचा धिंगाणा आटोपला आणि दोघांनी मिळून दांडा फिरवला. श्रद्धा चहा घेऊन मागे आली, तर बाप-लेक शेजारी शेजारी, हाताची घडी घालून, नालीकडे पाठ आणि घराच्या भिंतीकडे तोंड करून उभे.

"हे काय? असे का उभे दोघं?"

"पाणी चाललंय," बापूसाहेब न वळता म्हणाले. "गेलं की सांग."