दुसऱ्या डब्यात घातलेलं कार्ड

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठे द्यायचं ते मला अजून कळत नाही. चौथीनंतर पेन हातात आलं ते एकदम केबलच्या वहीत नावांपुढे खुणा करायला. त्याच वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर हे लिहिते आहे. कुणाच्या हाती लागलंच तर चुकांबद्दल माफ करावं.

आमचं गाव तारापूरच्या बाजूला, समुद्राला लागून. सगळी घरं होडीवाल्यांची. आमचे हे मात्र कुंभवलीला कारखान्यात होते. तिथलं त्यांचं खातं बंद होऊन नोकरी गेली तेव्हा जे पैसे मिळाले त्यांतून त्यांनी गच्चीवर मोठी छत्री, म्हणजे डिश, बसवली आणि सुरूच्या झाडांवरून वायरी ओढून घरोघर केबल दिली. पहिली दोन-तीन वर्षं सगळ्या वाहिन्या आपोआप दिसत. मग बायका रोज संध्याकाळी जी मालिका बघत, ती वाहिनीच कुलपात गेली. पडद्यावर नुसत्या रेघा यायच्या. ते कुलूप उघडायला कंपनीचा डबा लागायचा आणि डब्यात घालायला एक कार्ड. कार्ड पत्त्याच्या पानाएवढं, एका कडेला नखाएवढा सोनेरी चौकोन. एवढ्याशा वस्तूत चित्र कसं असतं, याचं मला फार नवल वाटे.

आमच्याकडे वैशाख सरला की होड्या वर ओढतात, त्या नारळी पुनवेपर्यंत पाण्यात जात नाहीत. तेवढे महिने घरात रोकड येत नाही. म्हणून जे काही द्यायचं ते बायका आधीच देऊन टाकतात. आणि पाटीवर मासळी विकून आणलेला बाईचा पैसा बाईच्याच हातात द्यायचा, पुरुषाच्या नाही, ही आमची रीत. त्यामुळे त्या डब्याचे पैसे माझ्या हातात आले. महिन्याला पन्नास, चार महिन्यांचे एकदम दोनशे, अडतीस घरांचे. मी कधी कुणाच्या दारात जाऊन बोललेली बाई नव्हे. त्याच माझ्या पडवीत येऊन बसल्या, ओच्यातून नोटा काढल्या आणि मोजून दिल्या. यांच्या आत्यानं तर कोलंबी सोलून मिळालेली चिल्लर आणली होती. ती एकटी राहायची. म्हणाली, "पोरी, पावसात घर खायला उठतं गो. चार माणसं बोलताना दिसली की बरं वाटतं."

यांनी ते पैसे पालघरला कंपनीच्या एजंटाकडे भरले, कागदावर सही केली आणि डबा आणला. पंधरा दिवस सगळं छान चाललं. मग यांना कावीळ झाली आणि पालघरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. जाताना मला एवढंच म्हणाले, "डब्याला हात लावू नको." मला वाटलं, झटका बसेल म्हणून सांगतात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा बंद पडला. दिवाच लागेना. थोड्याच वेळात अंगणात दहा-बारा बायका.

"अगो, काय झालं? तिची सासू आता तिला घराबाहेर काढणार होती!"

"मालिकेतली सासू ऱ्हावू दे, माझी सासू बोंबलते हाय घरी!"

हसणं झालं. पण शेजारची बाई, जिच्या तोंडाला सगळे भ्यायचे, ती हसली नाही. "पैसे मोजून घेतलेत ना गो? मंग उद्या दिसायला पायजे," म्हणाली.

रात्रभर माझ्या मनात एकच विचार होता. होडी फुटली तर आमच्याकडे कुणी तिचं मशीन रिकामं ठेवत नाही. एकाचं मशीन काढून दुसऱ्याच्या होडीला बसवतात, काम भागवतात, परत देतात. मशीन चांगलं असलं म्हणजे झालं. डबा ही होडी आणि कार्ड हे मशीन, असं मी धरून चालले. डब्याला हात लावू नको म्हणाले होते, म्हणून डबा मी जागचा हलवला नाही. फक्त कार्ड ओढून काढलं, पदराच्या टोकाला बांधलं आणि सकाळच्या एसटीनं बोईसरला गेले.

तिथे टीव्ही दुरुस्त करणारा एक परप्रांतातला माणूस होता. त्याच्या दुकानात केबलवाल्यांचे तीन डबे दुरुस्तीला आलेले. मी गाठ सोडून कार्ड पुढे केलं आणि यातला एखादा चार दिवस भाड्यानं द्या, असं कसंबसं म्हटलं.

"डालके देखूँ, भाभी?" त्यानं विचारलं. मी मान हलवली.

पहिल्या डब्यात काही आलं नाही. दुसऱ्यात पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. तोही ती वाचू शकला नाही, मी तर नाहीच. तिसरा डबा आमच्यासारखाच दिसत होता. त्यात कार्ड घातलं आणि चित्र आलं. रंगीत, स्वच्छ. मला इतका आनंद झाला की मी परक्या माणसासमोर टाळी वाजवली. चित्र असेल पाच मिनिटं. मग पडदा काळा झाला आणि मधोमध एक आकडा उभा राहिला. त्यानं कार्ड काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. आकडा तसाच.

"कुछ गड़बड़ हो गया," तो म्हणाला. पैसे मात्र घेतले नाहीत.

मी गावी न येता तशीच पालघरला गेले. एजंटानं आकडा विचारला, फोन लावला आणि ठेवला. मग शांतपणे म्हणाला, "बाई, हे कार्ड त्या एकाच डब्याशी बांधलेलं असतं. दुसऱ्या डब्यात घातलं की वरून, कंपनीतूनच बंद होतं. दुसऱ्याला चोरून दाखवू नये म्हणून." यांची सही असलेला कागद त्यानं माझ्यापुढे धरला. कार्ड हलवलं तर करार मोडला आणि भरलेले पैसे गेले, असं त्यात होतं. मी म्हटलं, मी चोरी केली नाही. तो म्हणाला, "तुम्ही केली असं मी कुठं म्हणतो? पण कंपनीला तुम्ही दिसत नाही, कार्ड दिसतं."

दवाखान्यात जाऊन यांना सांगितलं. त्यांचे डोळे अजून पिवळे होते. मला वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत. म्हणाले, "मीच नीट सांगितलं नाय तुला."

घरी आल्यावर आणखी एक गोष्ट कळली. यांच्या ओळखीच्या वायरमननं आमचा डबा उघडून बघितला. खाऱ्या हवेनं आतली एक तार गंजून तुटली होती, एवढंच. त्यानं ती जोडली, दिवा लागला. दहा मिनिटांचं काम. मी एक दिवस थांबले असते तर काहीच झालं नसतं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही.

हे बरे होऊन आले तेव्हा म्हणाले की साध्या वाहिन्या चालू आहेत, पावती कुणीच घेतलेली नाही, लोक हळूहळू विसरतील. ते वाईट माणूस नव्हते, अशक्त झाले होते. पण नोटा माझ्या हातात दिल्या होत्या. पाणवठ्यावर गेले की बोलणी थांबायची. शेजारची एकदा मोठ्यानं म्हणाली, "घेताना हात लांब होता, आता पदर लांब झाला गो तोंडावर!" मी घागर अर्धी भरून परत आले. त्या दिवशी ठरवलं की अडतीस घरांचे पैसे परत करायचे, त्याशिवाय त्या बायकांकडे मान वर करून बघायचं नाही.

लग्नाआधीही मी पाटी घेऊन बाजारात बसले नव्हते. मला ओरडता यायचं नाही. आई म्हणायची, हिचा आवाज घशातच वाळतो. होड्या पुन्हा पाण्यात गेल्यावर मी सुके बोंबील आणि जवळा घेऊन बोईसरच्या बाजारात बसले. पहिला आठवडा मी खाली मान घालून नुसती बसून राहायचे आणि अर्धा माल परत आणायचे. शेजारची माझ्यापासून चार हातांवर बसायची. एके दिवशी तीच खेकसली, "अगो, बोंबलाला तोंड नाय, तुला हाय ना? हाक मार!" मी हाक मारली. माझाच आवाज ऐकून मी दचकले. एक कामगार थांबला आणि त्यानं पावशेर जवळा घेतला.

पहिले दोनशे जमले ते मी तिलाच नेऊन दिले. तिनं मोजून घेतले. दुसऱ्या दिवशी बाजारात सरकून मला सावलीतली जागा दिली.

आत्याकडे गेले तेव्हा ती म्हणाली, "माझे शेवटी दे. मी काय पळून चालले नाय." त्यानंतर पावसाळे दोन गेले. एक-एक घर करत वहीत नावांपुढे खुणा होत गेल्या. दोन घरांनी घेणार नाही म्हटलं, त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आले. आत्या मधल्या काळात आजारी पडली तेव्हा मला झोप लागेना. माझे पैसे पोचायच्या आत ही गेली तर, याच भीतीनं. मी रोज तिच्या घरी पेज घेऊन जायचे. ती हसून म्हणायची, "पेजेवरच भागवते हायस काय मला?"

शेवटचे दोनशे मी दहा-दहाच्या नोटा करून नेले. ती पडवीत टेकून बसली होती. तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, म्हणून तिनं प्रत्येक नोट बोटांनी चाचपून मोजली. मध्ये चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजली. मी मध्ये हात घातला नाही. वीस झाल्यावर तिनं नोटा ओच्यात खोवल्या आणि म्हणाली, "बरोबर हाय."

घरी येऊन मी तिच्या नावापुढे खूण केली. अडतीस झाल्या.