नागाच्या पिशवीची दुसरी गाठ

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. चौकात उतारा दिसला तर त्यातलं लिंबू घरी आणून सरबत करतो... बायको ते पीत नाही, ही गोष्ट वेगळी. तुमच्या या सदरातले अनुभवही मी आजवर हसत हसतच वाचले. पण एक कापडी पिशवी गेली पस्तीसेक वर्षं माझ्या ट्रंकेत पडून आहे. तिचं काय करायचं ते मला कळत नाही, म्हणून लिहितोय.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. आमच्या औरंगाबादेत तेव्हा दोनच विषय — वाळूजला कुठली नवी कंपनी येतेय, आणि विद्यापीठाचं नामांतर होणार की नाही. मी बी.एस्सी.ला होतो. प्राणिशास्त्राच्या आमच्या सरांना मात्र तिसरीच काळजी. वाळूजच्या शेतांत प्लॉट पडत होते, जुन्या विहिरी मुरूम टाकून बुजवत होते, आणि त्यांतले बेडूक, कासवं, साप जिवंत गाडले जात होते. म्हणून दर रविवारी आम्ही सात-आठ पोरं-पोरी सायकली हाणत तिकडं जायचो. विहीर बुजण्याआधी खाली उतरायचं, हाती लागेल तो जीव बाहेर काढायचा आणि वेरूळच्या डोंगराकडं ओढ्याकाठी नेऊन सोडायचा. पैसा नाही, सर्टिफिकेट नाही. घरचे म्हणायचे, पोरगं वाया गेलं.

सरांचा एक नियम फार कडक होता. सापाच्या पिशवीला एक गाठ म्हणजे बिनविषारी, दोन गाठी म्हणजे विषारी. पिशवीत डोकावायचं नाही, बोटांनी गाठी चाचपायच्या. एकच असेल तर सोडून बिनधास्त हात घालायचा, कारण दिवडासारख्या साध्या सापांची लांबी आम्ही टेपनं मोजायचो.

आमच्यात सगळ्यात तरबेज होता मिलिंद. माझा जिवलग दोस्त आणि पक्का डावखुरा. त्याच्या गाठीचा पीळ उलटा पडायचा. सात-आठ पिशव्यांत त्याची पिशवी लगेच ओळखू यायची, आणि आम्ही त्याला त्यावरून चिडवायचोही.

एकदा पाळी आली माझ्याच चुलत्याच्या, तात्यांच्या विहिरीची. जमीन प्लॉटांत गेलेली, सोमवारी विहीर बुजणार होती. शनिवारी परवानगी मागायला गेलो तर तात्या म्हणाले, "या की. पर त्यो मिलिंद नगं. आमच्या हिरीत त्येनं उतरायचं नाय."

"तात्या, परवा ती विहीरच राहणार नाही. मुरूम पडणार तिच्यात."

"मुरूम पडू दे," तात्या म्हणाले.

मी भांडायला हवं होतं. भांडलो नाही. सायकल थेट मिलिंदच्या घरी नेली आणि सांगितलं, "उद्याचं रद्द झालं रे. सरांना ताप आहे."

"बरं झालं," तो म्हणाला, "मग मी धरण्याला जाऊन बसतो." दुसऱ्या दिवशी नामांतराचं धरणं होतं. त्यानं जास्त काही विचारलं नाही म्हणून मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

रविवारी भर दुपारी मी आणि सर विहिरीत होतो. उन्हाळ्यानं पाणी कमरेएवढंच. वर चौघं — त्यातली सुनंदा लिंबाखाली सापांची मापं घेत बसलेली. पिशवी भरली की आम्ही टोपलीत ठेवायचो आणि वरचे दोरानं ओढून घ्यायचे. शेजारच्या विहिरीत डंपर मुरूम ओतत होता. त्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं.

दगडांच्या फटीतून नाग निघाला. सरांनी आकड्यानं तो अलगद पिशवीत सोडला, मी तोंड पिळून गाठ मारली — आणि सरांचा पाय शेवाळावरून घसरला. ते पाठीवर पाण्यात पडले. मी पिशवी टोपलीत टाकली आणि त्यांना धरायला धावलो. डोकं बचावलं होतं. त्यांना पायरीवर बसवलं, मागं वळून पाहिलं तर टोपली वर गेलेली.

आणि मग माझ्या लक्षात आलं. मी एकच गाठ मारली होती.

मी ओरडलो. डंपरपुढं काही ऐकू जाईना. विहिरीला चाळीसेक पायऱ्या, त्याही बुळबुळीत. गुडघे फुटले तरी थांबलो नाही. डोळ्यांपुढं एकच गोष्ट — सुनंदाची बोटं एक गाठ चाचपणार, आणि ती हात घालणार. आमच्याच नियमानं.

वर आलो तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत पिशवीत होता.

तिनं हात बाहेर काढला... मुठीत वळवळणारं दिवड होतं.

"काय झालं रे?"

"नाग... नागाची पिशवी कुठाय?"

"ती काय, बाजूला ठेवलीय. दोन गाठी लागल्या हाताला." मग ती हसली. "मिलिंद कवा आला? मला तर कुणी सांगितलंबी नाय."

मी पिशवी पाहिली. खालची गाठ माझी. तिच्यावर दुसरी, घट्ट आवळलेली, उलट्या पिळाची. दोर ओढणाऱ्या पोरांनी टोपली सरळ सुनंदापुढं ठेवली होती, पिशवीला कुणी हात लावला नव्हता. सर म्हणाले, घाबरल्यावर हात उलटेही चालतात, तूच मारली असशील. त्यानंतर मी किती वेळा तशी गाठ मारून पाहिली. माझ्या हातांना ती जमत नाही.

वेरूळला नाग सोडताना मी गाठ सोडू दिली नाही. सरांनी कुरकुरत पिशवीचा तळ कापला.

संध्याकाळी मिलिंदच्या घरी गेलो. त्याची आई दारातच बसलेली. "सकाळी नऊलाच पोलिसांनी गाडीत घालून नेलं की समद्यांना. अजून सोडलं नाय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमचं सापाचं काम असतं आज, तर गेला नसता बघ."

तिसऱ्या दिवशी तो सुटून आला. मी धावतच गेलो, पिशवी त्याच्या हातात दिली, घडलेलं सगळं एका दमात सांगितलं. त्यानं गाठीवरून अंगठा फिरवला.

"गाठ माझीच हाय," तो म्हणाला. "पर मी तर दिवसभर कोठडीत. कुठल्या हिरीवर झालं हे?"

"तात्यांच्या."

त्याचा अंगठा गाठीवरच थांबला.

"त्ये तर रद्द झालं होतं ना?"

त्यानं पिशवीची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. पुढच्या रविवारी तो कामाला आला, सुनंदाशी हसला, माझ्या सायकलची चेन बसवून दिली. त्या विषयावर एक शब्द नाही... आजवर नाही.

पुढं विद्यापीठाला नाव मिळालं, शहराचंही बदललं. तात्यांच्या विहिरीवर आज कंपनीचं पार्किंग आहे. मिलिंद दर दिवाळीला नातवंडांना घेऊन माझ्याकडं फराळाला येतो, आणि पिशवी शेजारच्या खोलीत ट्रंकेत असते.

ती गाठ कुणी मारली हे मला माहीत नाही, आता कळेल असंही वाटत नाही. पण मिलिंदला त्या दिवशी का बोलावलं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि ते त्याला तोंडानं सांगायची हिंमत मला कधीच झाली नाही. हा अंक त्याच्या घरीही येतो.