कमरेला कट्टा

भोकरदनच्या स्टँडसमोर माझं चहाचं हॉटेल आहे. पोलीस ठाण्यातले एक जमादार रोज सकाळी तिथं बसून मोबाइलवर पोरांचे स्टेटस बघतात. गावातल्या टोळ्यांमधली पोरं वाढदिवसाला कमरेला गावठी कट्टा लावून फोटो टाकतात आणि संध्याकाळपर्यंत आर्म्स ॲक्टखाली आत जातात.

"पुरावा आपल्याच हातानं देऊन राह्यले," जमादार म्हणतात. चिडत कधीच नाहीत. बशीत चहा ओततात, फुंकर घालतात आणि पुढचा स्टेटस उघडतात.

परवा त्यांनी बशी तोंडाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. मी वाकून पाहिलं. केक, दोस्त, कट्टा, आणि मधोमध त्यांचा सख्खा भाचा. मामापासून लपवायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"खेळण्यातला असंल," मी म्हणालो.

"समद्यांच्या आया हेच म्हणतात."

बराच वेळ ते टोपी हातात फिरवत बसले. मग बहिणीला फोन लावला.

"ताई, पोरगं उठलं का? त्याला पोटभर जेवू घाल. मी येऊन राह्यलो."

तिकडून तिनं काहीतरी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले, "मोटारसायकलवर न्हाई. ठाण्याची गाडी घेऊन."