मामांचा चार मिलिॲम्पिअरचा दिवा

विजेचा एक कणही वाया जाऊ नये एवढ्यासाठीच जन्माला आलेला माणूस साऱ्या जबलपुरात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फ्रिजमध्ये अंधार होता. "बल्ब काढून टाकला, जावईबापू. दही कुठं ठेवलं ते मले माहीत आहे," मामा म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटाही असाच काढलेला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला सेकंद घेऊन काय करायचे आहेत, असा त्यांचा सवाल होता.

पण मामांचं खरं वेड म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी. मामींना दमा. एकदा त्यांना धाप लागली असतानाच वीज गेली. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा छान जळत होता, पण औषधाची वाफ देणारं यंत्र लावलं आणि दोन मिनिटांत सगळं गप्प. बॅटरी रिकामीच होती. मामींना दवाखान्यात पोचवेपर्यंत मामांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवसापासून विकतच्या दिव्यावरचा त्यांचा विश्वास उडाला, आणि बॅटरी किती भरली ते खरं सांगणारं सर्किट आपणच करायचं असं त्यांनी ठरवलं.

गोहलपूरचा बॅटरीवाला समजावून थकला. "अंकलजी, बना-बनाया मीटर ले लो ना!"

"वो खुद बिजली पीता है, भैया," मामा म्हणाले. राखणीला ठेवलेल्यानेच कोठार फस्त करू नये, हे त्यांचं तत्त्व.

सर्किट झालं. बॅटरी भरली की हिरवा दिवा, उतरली की लाल. पण दिवा वीस मिलिॲम्पिअर, म्हणजे विजेची जेमतेम चिमूट, खातो हे कळल्यावर मामांना आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. वीज अडवणारे मोठाले रेझिस्टर घालून त्यांनी तो चारावर आणला. तेही सोसेना, तेव्हा लुकलुकता केला. आधी दहा सेकंदांनी, मग मिनिटाला एकदा, तोही पापणी लवावी इतकाच. आता बॅटरीची अवस्था कळायला तिच्यापुढे ठाण मांडून बसावं लागे. दोन लुकलुकींच्या मध्ये मामींचे पाच पोळ्यांचे गोळे होत. पाहुण्यांना चहाच्या आधी हे दाखवलं जाई. "बोलू नका, येऊन राहिला," असं मामा म्हणत, तेवढ्यात कुणीतरी शिंके आणि दिवा येऊन गेलेला असे.

"ग्वारीघाटाला नर्मदामाईचं दर्शन याच्याहून लवकर होते," मामी म्हणायच्या.

मग मे महिन्यातली एक दुपार. मी तिथेच होतो. वीज गेली, मामींना धाप लागली. मी यंत्र जोडलं, आणि मामा बटणावर बोट ठेवून दिव्याकडे बघत बसले. "थांबा. रिकामी असली तर वेळ नको घालवायला, सरळ दवाखाना गाठू. एक मिनिट." किती वेळ झाला म्हणून मी घड्याळाकडे पाहिलं, तर सेकंदकाटा नाही.

"अहो, काहून पाहून राहिले? दाबा ना!" मामी कशाबशा म्हणाल्या.

मीच बटण दाबलं. यंत्र घरघरत सुरू झालं, आणि मग कुठे तो हिरवा दिवा एकदाचा लुकलुकून गेला. बॅटरी काठोकाठ भरलेली होती. अर्ध्या तासाने धाप ओसरल्यावर मामी पहिलं वाक्य बोलल्या, "दिवा खरं बोलते तुमचा. फक्त माणूस गेल्यावर बोलते."

मामा हसले नाहीत. संध्याकाळी सर्किट उघडून बसले आणि त्यांनी तो दिवा कायमचा जळता केला. आयुष्यात पहिल्यांदाच या माणसाने वीज उधळली, आणि मला ते फार आवडले त्या दिवशी.

मागच्या पावसाळ्यात मामी गेल्या. झोपेतच, काही त्रास न होता. नंतर मी गेलो तेव्हा वाफेचं यंत्र कपाटात गेलेलं होतं. फ्रिजमध्ये अंधारच होता. बॅटरीवर मात्र हिरवा दिवा जळत होता.

"मामा, आता हा बंद करून टाकू का?" मी विचारलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

त्यांनी बोटाने दिव्यावरची धूळ पुसली.

"राहू द्या," म्हणाले. "खाऊन खाऊन किती खाईल बिचारा?"